झेंडा जीर्ण झाला, आता तो ठेवायचा कुठे?

दरवर्षी १६ ऑगस्टला सकाळी आमच्या दाराची बेल वाजते. दारात सोसायटीतलं कोणीतरी उभं असतं, हातात कापडी पिशवी आणि चेहरा जरा ओशाळलेला. "सर, हा झेंडा. कडेनं पार उसवलाय. कचऱ्यात टाकवत नाही आणि घरात ठेवायचा कुठे ते कळत नाही." मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. आयुष्यभर झेंडावंदनं केली म्हणून लोकांना वाटतं, यांना माहीत असणार. खरं सांगायचं तर नोकरीची पहिली काही वर्षं मलाही माहीत नव्हतं. जुना झेंडा मी ऑफिसातल्या लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात सारून ठेवायचो. माझ्या आधीच्या मुख्याध्यापकांनीही तेच केलेलं होतं. तिथं चार झेंडे निघाले, एकाला उंदरानं कुरतडलेलं.

हे आपल्याला का माहीत नसतं, याला कारण आहे. २६ जानेवारी २००२ ला नवी ध्वजसंहिता, म्हणजे झेंडा कसा लावावा, कसा हाताळावा याचे सरकारी नियम, लागू झाली, त्याआधी सामान्य माणसाला स्वतःच्या घरावर हवा तेव्हा झेंडा लावायची मुभाच नव्हती. मग २००४ साली उद्योगपती नवीन जिंदल यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सन्मानानं तिरंगा फडकवणं हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. म्हणजे घरोघरी झेंडा ही गोष्ट जेमतेम एका पिढीची. जुन्या पोथीचं काय करायचं, भंगलेल्या मूर्तीचं काय करायचं, हे आजी सांगायची. झेंड्याचं काय करायचं हे सांगायला आजीकडे झेंडाच नव्हता.

त्यात ऑगस्ट २०२२ मध्ये 'हर घर तिरंगा' आलं. पोस्टात पंचवीस रुपयांना वीस बाय तीस इंचांचा झेंडा मिळत होता. त्याच्या आदल्याच महिन्यात, जुलैमध्ये, नियम बदलला आणि घरावरचा झेंडा रात्रंदिवस फडकत ठेवायला परवानगी मिळाली. पूर्वी सूर्यास्ताला उतरवावा लागे. बदल चांगलाच, पण झालं असं की श्रावणातल्या पावसात, बाल्कनीच्या ग्रिलला बांधलेला झेंडा गणपती येऊन गेले तरी तिथंच. कापड कितीही चांगलं असलं तरी वारा दोरीच्या विरुद्ध बाजूची कड पहिल्यांदा खातो. अटारीच्या सीमेवर २०१७ साली ३६० फुटी खांबावर लावलेला प्रचंड झेंडासुद्धा वाऱ्यानं काही दिवसांत फाटला आणि पुन्हा पुन्हा बदलावा लागला. तुमच्या ग्रिलवरचा फाटला तर मनाला लावून घेऊ नका. फक्त उतरवा.

नियम नेमका काय म्हणतो

ध्वजसंहितेतलं वाक्य लहान आहे. फाटलेला किंवा मळलेला झेंडा टाकून देऊ नये, त्याची अनादरानं विल्हेवाट लावू नये; तो संपूर्णपणे, खासगीरीत्या नष्ट करावा, शक्यतो जाळून किंवा झेंड्याची प्रतिष्ठा राखणाऱ्या दुसऱ्या एखाद्या रीतीनं.

'जाळून' हा शब्द ऐकला की लोक दचकतात. दचकणं बरोबरच आहे. राष्ट्र प्रतिष्ठा अपमान प्रतिबंध अधिनियम, १९७१ च्या दुसऱ्या कलमानुसार सार्वजनिक ठिकाणी, किंवा लोकांच्या दृष्टीस पडेल अशा कुठल्याही ठिकाणी, तिरंगा जाळणं, फाडणं, तुडवणं, विद्रूप करणं हा गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मग तोच कायदा मानणारं सरकार 'जाळा' कसं म्हणतं?

उत्तर 'खासगीरीत्या' या शब्दात आहे. माझ्या मते या सगळ्या विषयात लक्षात ठेवायचा शब्द हा एकच. दहा लोकांसमोर केलं तर ते प्रदर्शन होतं, मग मनात कितीही आदर असो. अमेरिकेत उलट आहे. तिथं माजी सैनिकांच्या संघटना १४ जूनला, त्यांच्या ध्वजदिनी, जुने झेंडे गोळा करून सगळ्यांदेखत समारंभानं जाळतात. त्यांचे व्हिडिओ पाहून आपल्याकडेही काही उत्साही मंडळी 'सामूहिक ध्वज विसर्जन' ठेवतात, माईक लावतात, पाहुणे बोलावतात. तसं करू नका. आपली रीत एकांताची आहे.

आणि मोबाइल. हे स्वतंत्र सांगतो, कारण हल्ली सगळ्यात जास्त चूक इथंच होते. तुम्ही बंद अंगणात, अगदी शास्त्रशुद्ध काम केलंत आणि त्याची चित्रफीत सोसायटीच्या ग्रुपवर टाकलीत, की एकांत संपला. पुढे ती कुठल्या ग्रुपवर, कुठल्या मथळ्याखाली फिरेल ते तुमच्या हातात नाही. जळता तिरंगा आणि शेजारी तुम्ही, एवढंच लोकांना दिसणार. तेव्हा फोन घरी ठेवून या.

आधी बघा, खरंच वेळ आली आहे का

माझ्याकडे येणाऱ्या झेंड्यांपैकी बरेच नुसते मळलेले असतात. ते धुता येतात. थंड पाणी, सौम्य साबण, बादलीत एकटाच, बाकीच्या कपड्यांबरोबर नाही. पिळायचा नाही. वाळत घालताना दोरीवर टॉवेल-गंजीफ्रॉकच्या रांगेत चिमटे लावून लटकवू नका. घरात सावलीत स्वच्छ चादरीवर पसरून ठेवा. गडद रंगाचा स्वस्त झेंडा असेल तर केशरी रंग पांढऱ्या पट्ट्यात उतरण्याची भीती असते, म्हणून आधी कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर दाबून बघा.

कडेची शिवण उसवली असेल आणि ती दोन टाक्यांत पहिल्यासारखी होत असेल तर शिवा. पण फाटलेली कड कात्रीनं सरळ कापून नवी दुमड घालण्याचा उद्योग करू नका. झेंड्याची लांबी-रुंदी तीनास दोन या प्रमाणातच असावी लागते. दोन इंच कापलेत की तो प्रमाणाबाहेर गेला, मग तो फडकवता येत नाही. ठिगळ तर नकोच.

केशरी पट्टा उन्हानं पिवळट-गुलाबी झाला, चक्राचा निळा उडाला, कापड जाळीसारखं विरविरीत झालं, कुठं भोक पडलं, की मग तो निवृत्त करायचा. संहितेत फाटका किंवा चुरगळलेला झेंडा फडकवायला मनाई आहे, म्हणून 'एवढा २६ जानेवारीपर्यंत चालवू' हा विचारही सोडा.

कापड ओळखा

ही पायरी कोणी सांगत नाही आणि पुढचं सगळं हिच्यावर अवलंबून आहे.

२०२१ च्या डिसेंबरपर्यंत कापडी झेंडा हातानं कातलेल्या, हातानं विणलेल्या सुती, लोकरी किंवा रेशमी खादीचाच असावा लागे. त्या महिन्याच्या शेवटी दुरुस्ती झाली आणि यंत्रावरचं कापड व पॉलिएस्टरही चालू लागलं. भारतीय मानकांच्या यादीत पहिल्या क्रमांकाचं मानक हे राष्ट्रध्वजाचं आहे, ते बरहुकूम पाळून झेंडे बनवणाऱ्या थोड्या ठिकाणांत हुबळीजवळचं बेंगेरी आहे आणि आपलं नांदेड आहे. नांदेडच्या खादी समितीचा झेंडा एकदा हातात घेतलात तर पोस्टातल्या झेंड्याशी त्याची गल्लत होणार नाही; तो जड असतो, खरखरीत असतो आणि त्याची दोरी ओवायची नळी जाड कापडाची असते.

शंका असेल तर उसवलेल्या कडेतून आधीच लोंबत असलेला एक धागा घ्या (नवा ओढून काढू नका) आणि चिमट्यात धरून काडी लावा. सुती धागा कागदासारखा जळतो, जळक्या कागदाचाच वास येतो आणि मऊ करडी राख उरते. लोकर-रेशमाला केस जळाल्यासारखा वास येतो. पॉलिएस्टर आधी आक्रसतं, वितळतं आणि थंड झाल्यावर टोकाला काळा टणक मणी उरतो.

मी ही परीक्षा एका फजितीनंतर शिकलो. निवृत्तीनंतर पहिल्याच वर्षी शेजाऱ्यांचा झेंडा सुती समजून मातीच्या कुंड्यात ठेवला. कापूर पेटला आणि झेंडा जळण्याऐवजी गोळा व्हायला लागला. काळा धूर, डोळ्यांत पाणी, आणि शेवटी कुंड्याच्या बुडाला चिकटलेला काळा लपका, ज्यात हिरव्याची एक कड अजून दिसत होती. तो खरवडून काढताना जे वाटलं ते सांगत नाही.

सुती किंवा खादीचा झेंडा

जागा आधी ठरवा. शहरात लोकांना पहिली गच्ची सुचते. गच्चीवर उभं राहून एकदा चारी बाजूंना बघा, किती खिडक्या दिसतात? तेवढ्या खिडक्यांना तुम्ही दिसता. शिवाय वारा. आमच्या सोसायटीत पंपरूमच्या मागं, कंपाउंडच्या भिंतीलगत थोडी मोकळी माती आहे, तिथं कोणाचं येणं-जाणं नसतं. गावाकडे परसदार आहे, वाडा आहे, शेतातलं खळं आहे. तिथं प्रश्नच नाही. सोसायटीच्या आवारात करणार असाल तर सचिवाला आणि वॉचमनला आधी सांगून ठेवा. धूर दिसल्यावर धावत आलेल्या माणसाला त्या क्षणी ध्वजसंहिता समजावत बसणं अवघड असतं.

वेळ दिवसाउजेडीची, वारा पडलेला असताना. माणसं दोन-तीन पुरेत. एकट्यानं करू नका, आगीचं काम आहे.

साहित्य फार लागत नाही. पसरट मातीचं भांडं किंवा स्वच्छ घासलेलं लोखंडी घमेलं. सिमेंट कालवलेलं घमेलं तसंच आणू नका. तळाला वाळूचा थर. पातळ सुक्या काटक्या किंवा सुताराकडचा भुसा, गोवरीचे दोन तुकडे, कापराच्या वड्या, लांब चिमटा, शेजारी वाळूची बादली. रॉकेल-पेट्रोल अजिबात नको. एक तर भडका उडतो, आणि दुसरं म्हणजे त्या वासानं सगळ्याच गोष्टीला जाळपोळीची कळा येते.

इथं एक सावधगिरी. कापूर, गोवऱ्या, घमेलं असं सगळं जमलं की आपला हात आपोआप हळदकुंकवाकडे जातो. कोणी तूप आणतं, कोणी नारळ. माझं म्हणणं, नको. झेंडा सगळ्यांचा आहे. त्याच्या निरोपाला कुठल्याही धर्माचा विधी चिकटवू नये. संहितेत मंत्र नाही, राष्ट्रगीतही सांगितलेलं नाही. शांत उभं राहायचं, एवढं बास. सलामी द्यावीशी वाटली तर द्या.

झेंडा पूर्ण कोरडा हवा. पावसाळ्यात तो दमट असतो आणि दमट सुती कापड नुसतं धुमसतं, म्हणून आदल्या दिवशी घरात पसरून ठेवा. काठी असेल तर काढून ठेवा, दोरी सोडवा. नळीत शिवलेली लाकडी खुंटी किंवा कडी काढण्यासाठी कापड फाडायचं नाही. ती तशीच जाऊ द्या, नंतर राखेतून उचलता येते.

आता घडी. सरकारनं सांगितलेली रीत अशी: दोघांनी झेंडा आडवा, जमिनीला समांतर धरायचा. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडायचा. मग पांढरी पट्टी दोन्ही बाजूंनी आत घ्यायची, इतकी की वर फक्त अशोकचक्र दिसावं आणि थोडी केशरी-हिरव्याची कड. ही घडी दोन्ही तळहातांवर घेऊन जागेपर्यंत न्यायची. काखेत मारून, पिशवीतून नाही.

पण घट्ट घडी तशीच विस्तवावर ठेवलीत तर फसाल. बाहेरचे पदर काळे पडतात आणि आतलं कापड हवा न मिळाल्यानं तसंच राहतं. म्हणून काटक्यांची जाळी चांगली पेटल्यावर घडी तिच्यावर ठेवताना हलकेच सैल करा, पदरांत हवा खेळू द्या, आणि वरूनही चार काटक्या ठेवा. पाव तास तरी हलायचं नाही. मधे चिमट्यानं पदर उलटत राहा. जळत्या कापडाचे पापुद्रे वर उडतात, त्यांच्यावर लक्ष ठेवायला एक माणूस हवाच.

संहितेतला 'संपूर्णपणे' हा शब्द इथं कामाला येतो. आधी कापून तीन रंग वेगळे करायचे, चक्र काढून घ्यायचं, असले सल्ले फिरत असतात. ते मानू नका; झेंडा अखंड जायला हवा. आणि काहीही झालं तरी मधेच पाणी ओतून विझवू नका. अर्धवट जळलेला, ओला, रंग ओळखू येणारा तुकडा हाती येणं याच्याइतकं वाईट काही नाही. फारच वारा सुटला तर वाळू टाका, आणि थांबून पुन्हा पेटवा.

राख पूर्ण थंड होऊ द्या, मग बोटानं चाळून बघा. रंगाचा कुठलाही अंश राहिलेला नाही याची खात्री करा. राखेचं काय करायचं ते नियमात नाही. आम्ही ती आवारातल्या एखाद्या झाडाच्या बुडाशी, जिथं पाय पडणार नाही अशा ठिकाणी वीतभर खड्डा करून घालतो. कचऱ्याच्या डब्यात किंवा मोरीत नको.

पुरायचा असेल तर

ज्यांना आग नको वाटते, किंवा जागाच नाही, ते पुरतात. संहितेत दफनाचं नाव नाही, पण 'प्रतिष्ठा राखणारी दुसरी रीत' यात ते बसतं आणि बरेच जण तसं करतात. घडी केलेला झेंडा स्वच्छ सुती कापडात गुंडाळून लाकडी पेटीत. पेटी नसेल तर जाड पुठ्ठ्याच्या नव्या खोक्यात. चपलांचं खोकं नको, हे सांगावं लागतं म्हणून सांगतो. खड्डा निदान दोन फूट खोल, नाहीतर कुत्री उकरतात. जिथं पुढे पाइपलाइन किंवा पार्किंगसाठी खणतील अशी जागा टाळा. सुती झेंड्याला ही रीत चांगली, तो मातीत मिळून जातो. पॉलिएस्टर मिळत नाही, ते वर्षानुवर्षं तसंच राहतं.

पॉलिएस्टरचं काय

अवघड जागा इथंच आहे. कापड चालतं म्हणून सांगितलं, पण त्याची अखेर कशी करायची हे वेगळं सांगितलेलं नाही. वाक्य तेच जुनं: शक्यतो जाळून, किंवा दुसऱ्या योग्य रीतीनं.

मी सध्या जे करतो ते असं. एखादा लहान झेंडा असेल तर मोकळ्या जागेत, भरपूर लाकडाचा जोरदार विस्तव करून, त्याच्या मधोमध, आणि वारा आपल्या पाठीकडून येईल असं उभं राहून. विस्तव लहान असला की माझी झाली तशी फजिती होते. दमेकरी आणि लहान मुलांना जवळ आणायचं नाही. मात्र पाच-दहा झेंडे जमले असतील तर हा मार्ग नाही. ते स्वच्छ करून, नीट घडी घालून, कापडी पिशवीत भरून तहसील कार्यालयात द्यायचे. महाराष्ट्रात दर २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टच्या आधी शासनाच्या सूचना निघतात, त्यात खराब झालेले आणि रस्त्यावर, मैदानावर पडलेले झेंडे गोळा करून तालुका किंवा जिल्ह्याच्या यंत्रणेकडे द्यावेत असं सांगितलेलं असतं. जाण्याआधी फोन करा. मला एका कार्यालयात एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर असं पाऊण तास फिरवलं, कारण कोणालाच आपलं काम वाटत नव्हतं. शेवटी एका शिपायानं दोन्ही हात पुढे करून पिशवी घेतली. गावात असाल तर ग्रामपंचायत आणि शाळा ही दोन ठिकाणं आधी विचारा. काही सामाजिक संस्था आणि माजी सैनिकांची मंडळंही १५ ऑगस्टनंतर झेंडे गोळा करतात.

कागदी झेंडे, बिल्ले, आणि प्लास्टिक

कागदी झेंडा हातात घेऊन हलवायला परवानगी आहे, पण कार्यक्रम संपल्यावर तो जमिनीवर टाकायचा नाही. त्याचाही निरोप खासगीतच. शाळेत मी फाटकाशी एक स्वच्छ खोकं ठेवायचो आणि सातवीतली दोन पोरं उभी करायचो. घरी न्यायचा असेल त्यानं न्यावा, नको असेल त्यानं खोक्यात ठेवावा. पहिल्या वर्षी खोकं अर्धं रिकामं आणि मैदान भरलेलं. तिसऱ्या वर्षी मैदानावर शोधूनही झेंडा सापडला नाही, कारण पोरांनी रस्त्यावरचेही वेचून आणले होते. काड्या वेगळ्या करून कागद वर सांगितलेल्या रीतीनंच जाळायचा. तो सहज जळतो, फक्त एकदम गठ्ठा न टाकता थोडा थोडा.

प्लास्टिकचा झेंडा मुळात घ्यायचाच नाही. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या ज्या प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली, त्या यादीत प्लास्टिकचे झेंडे नाव घेऊन आहेत. तरी सिग्नलवर मिळतात आणि पोर हट्ट करतं. घरात आलाच असेल तर जाळू नका, विषारी धूर होतो. पुसून, पिशवीत घालून कार्यालयात द्या.

छातीवरचे बिल्ले, निमंत्रणपत्रिका, चक्रासह छापलेले स्टिकर यांचं काय, असं विचारतात. कायद्यातली 'राष्ट्रध्वज' या शब्दाची व्याख्या फार रुंद आहे. कुठल्याही पदार्थावरचं झेंड्याचं चित्र किंवा प्रतिकृतीही त्यात येते. म्हणून चक्र असलेलं सगळं मी झेंड्यासारखंच वागवतो. नुसती तीन रंगांची फीत असेल तर एवढा विचार करत नाही. भिऊन मात्र जाऊ नका. अशोकचक्राचं चित्र असलेला तिरंगी केक कापला म्हणून झालेल्या तक्रारीत मद्रास उच्च न्यायालयानं २०२१ साली, यात झेंड्याचा अपमान नाही, असाच निर्णय दिला. न्यायालय हेतू बघतं.

हे करू नका

नदीत सोडू नका. आपल्याकडे नकोसं पण पवित्र असं काहीही पाण्यात सोडायची सवय आहे. दोन दिवसांनी तो झेंडा खालच्या घाटावर चिखलात, जनावरांच्या पायाखाली असतो. निर्माल्य कलशातही नको. ते पुढे कुठं जातं ते तुम्हाला माहीत नसतं. फुटक्या तसबिरी ठेवतात तसा पिंपळाच्या पारावर ठेवून यायचं तर मुळीच नको, म्हणजे आपलं काम दुसऱ्याच्या गळ्यात घालणं झालं. भंगारवाल्याला, जुन्या कपड्यांच्या गाठोड्यात, गाडी पुसायला, सायकलवर झाकायला, गव्हाच्या पिंपावर, हे तर कोणी करणार नाही असं मला वाटायचं. एका पोराला झेंड्यानं गाडी पुसताना मी स्वतः पाहिलं आहे. त्या पोराला राग भरून उपयोग नव्हता, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मी त्याला जुना पंचा दिला आणि झेंडा घेऊन आलो.

एक झेंडा मात्र या सगळ्यातून वेगळा. हुतात्मा जवानाच्या पार्थिवावरचा. केशरी बाजू डोक्याकडे करून तो पांघरतात, पण तो चितेवर किंवा कबरीत जात नाही. अग्नी देण्याआधी काढून, घडी करून घरच्यांच्या हाती देतात. सातारा-कोल्हापूरकडच्या कितीतरी घरांत तो काचेच्या चौकटीत असतो. रंग उडाला, कापड पिवळं पडलं, तरी तो जीर्ण म्हणून नष्ट करायचा विचार कोणी करू नये. तो फडकवायचा झेंडाच नाही. कसर लागू नये म्हणून वर्षातून एकदा चौकट उघडून वारा द्या, सुक्या कडुनिंबाचा पाला चौकटीच्या पाठीमागं ठेवा, थेट ऊन लागू देऊ नका.

परदेशात असाल तर आणखी एक अडचण: बहुतेक शहरांत अंगणात आग लावायला नियम असतात आणि फ्लॅटमध्ये धूर झाला की गजर वाजतो. बऱ्याच मराठी मंडळांकडे १५ ऑगस्टनंतर झेंडे साचतात. ते नीट घडी करून ठेवावेत आणि भारतात येणाऱ्या कोणाबरोबर पाठवावेत हे सगळ्यात सोपं. एखाद्या सभासदाच्या स्वतःच्या मालकीचं मागचं अंगण असेल तर सुती झेंडा पुरता येतो.

शाळा आणि कार्यालयांसाठी, नोंदवहीचं

नव्या मुख्याध्यापकांना खरी भीती जाळण्याची नसते, ऑडिटची असते. झेंडा जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढवलेला असतो. तो नष्ट केला आणि वहीत तसाच राहिला, तर पाच वर्षांनी कोणीतरी 'झेंडे चार, प्रत्यक्षात एक' असं लिहिणारच. म्हणून आमच्या कपाटातले जुने झेंडे पडून राहायचे.

त्यावर उपाय साधा आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय घ्या: अमुक आकाराचा, अमुक वर्षी घेतलेला झेंडा जीर्ण झाला असून तो ध्वजसंहितेप्रमाणे नष्ट करायचा. ठराव करा. नष्ट करताना हजर असलेल्या दोघांच्या सह्यांनिशी चार ओळींचा पंचनामा करा. तारीख, वेळ, जागा. फोटो जोडायचा नाही, कोणी मागितला तर एकांताचा नियम दाखवा. मग वहीत निर्लेखनाची, म्हणजे वस्तू यादीतून कमी केल्याची, नोंद घाला आणि ठरावाचा क्रमांक लिहा. मी त्या चार झेंड्यांच्या नोंदी अशाच काढल्या. उंदरानं कुरतडलेल्या झेंड्याच्या शेऱ्यात काय लिहावं याचा मात्र बराच वेळ विचार केला, आणि 'नीट न ठेवल्याने खराब' असं लिहून खाली माझीच सही केली.